कुल्लिक नावाचा दिवा

दिसायला तो अगदी साधा आहे. दगडातून कोरलेला एक उथळ, पसरट वाडगा. एक कड सरळ, दुसरी अर्धचंद्रासारखी गोलावलेली. रंग करडा, कधी हिरवट, आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन काळवंडलेला. मोठा असेल तर उचलायला दोन्ही हात लागतात. संग्रहालयात काचेमागे ठेवला, तर बघणारा एक नजर टाकून पुढे जाईल. पण जळणाला झाड नाही आणि हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, अशा मुलखात अलास्कापासून ग्रीनलंडपर्यंत इनुइट माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले ते याच्या भरवशावर. याचं नाव कुल्लिक.

त्याचा स्वभाव कळायचा तर तो पेटताना पाहावा. वात सरळ कडेला लागते, आणि ती पिळलेली नसते. उन्हाळ्यात टुंड्रावर एक गवत उगवतं, त्याला कापसासारखे पांढरे तुरे येतात. ते तुरे आधीच वेचून ठेवलेले असतात. त्यात वाळलेलं शेवाळ बोटांनी चुरून मिसळायचं आणि तो चुरा कडेलगत बारीक ओळीत दाबत न्यायचा. मागच्या खोलगट भागात सीलची चरबी. गोठलेली चरबी आधी चांगली कुटून घेतात, म्हणजे तेल लवकर सुटतं. दिवा पुढे किंचित कलता ठेवतात, म्हणजे तेल आपणहून वातीकडे ओघळतं. चरबीचा एखादा तुकडा ज्योतीच्या वर टांगून ठेवला की तो तिच्याच उबेने वितळतो आणि थेंबाथेंबाने खाली पडत राहतो. अशा वेळी कुल्लिक आपलं जेवण आपणच शिजवून घेतो.

तरी त्याला एकटं सोडता येत नाही. ज्योत आधी एका जागी धरते. मग घरातली बाई वीतभर लांबीच्या काठीने तिला कडेकडेने पुढे नेते, आणि शेवटी सबंध कडेवर ठेंगण्या पिवळ्या ज्योतींची एकसारखी रांग उभी राहते. वात जाड झाली की दिवा धुरकटतो, तेल कमी पडलं की वातच जळायला लागते. समईवरची काजळी झाडणाऱ्या हाताला हे काम परकं वाटू नये. इथे मात्र हयगय झाली तर अंधारच पडतो असं नाही, घर गोठतं. म्हणून रात्री झोपेतून उठूनही वात सारखी केली जायची. कुल्लिक रागीट नाही, पण दुर्लक्ष त्याला खपत नाही.

घरात तो बाईचा. शिकार पुरुषाने आणायची आणि दिवा बाईने राखायचा, अशी कामाची वाटणी होती. एका घरात दोन कुटुंबं राहिली तर दोन दिवे, आणि ज्या त्या बाईचं बिऱ्हाड आपापल्या दिव्याभोवती. त्याच्यावर दगडी भांडं टांगून मांस शिजायचं. बर्फ वितळवून पिण्याचं पाणी व्हायचं. चहूकडे बर्फ असून प्यायला थेंब नाही, अशा जागी हे काम सर्वांत मोठं. सर्वांत वर जाळीची मांडणी, तिच्यावर ओले बूट आणि हातमोजे वाळत घातलेले. ओल्या बुटांनिशी बाहेर पडलेल्या शिकाऱ्याची बोटं जातात, म्हणजे कुटुंबाची शिकार जाते. ती बोटं कुल्लिक सांभाळायचा.

त्याचा सर्वांत मोठा गुण संयम. बर्फाच्या घरात झोपायचा ओटा उंच आणि आत यायचा बोगदा खाली असतो. थंड हवा खाली साचते, ऊब वर राहते. छताला धूर आणि वाफ जायला छोटं भोक. अशा घरात दिव्याने फार आच धरली तर छत ठिबकायला लागेल, कमी धरली तर माणसं कुडकुडतील. काही भागांत आतून कातड्यांचं अस्तर लावून थोडी जास्त ऊब साधत, पण हिशोब तोच. भिंतीचा बर्फ शाबूत ठेवून आतली माणसं जगवायची एवढीच ऊब त्याने द्यायची. थंडीवर विजय मिळवण्याची भाषा कुल्लिकला येत नाही. थंडीचंच घर करून तिच्यात राहायचं कसं, हे त्याला येतं.

त्याचं कूळ जुनं आहे. आजच्या इनुइटांचे पूर्वज म्हणजे थुले लोक. सुमारे 800 वर्षांपूर्वी, अवघ्या काही पिढ्यांत, ते अलास्काकडून पूर्वेला ग्रीनलंडपर्यंत पसरले. त्यांच्याआधी पूर्व आर्क्टिकमध्ये डॉर्सेट संस्कृतीची माणसं राहत. त्यांचेही दगडी दिवे होते, आकाराने लहान. त्यासाठी लागायचा तो संगजिऱ्याचा मऊ दगड. साध्या हत्याराने कोरता येतो, तापला की ऊब धरून ठेवतो आणि आचेने तडकत नाही. न्यूफाउंडलंड बेटावर फ्लर द लीस इथल्या कड्यावर डॉर्सेट लोकांची खाण आजही दिसते. भांडी आणि दिवे थेट कड्यातून कापून काढलेले, आणि त्यांच्या आकाराचे खळगे खडकात तसेच राहिलेले. पुढच्या काळात कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरच्या कोरोनेशन गल्फच्या परिसरातले दगडी दिवे आणि भांडी व्यापारातून पश्चिमेला दूरवर जात. एका दिव्याच्या गरजेने माणसांनी डोंगर कोरले आणि बर्फावरून वाटा पाडल्या.

पण कुल्लिकची खरी नाळ समुद्राशी. गोठलेल्या समुद्राखाली राहणारा रिंग्ड सील नखांनी बर्फ खरवडून श्वासाची भोकं उघडी ठेवतो. शिकारी अशा भोकाशी तासन्‌तास निश्चल उभा राहतो. सील मिळाला तर मांस, कातडं आणि चरबी. चरबी म्हणजे तेल, तेल म्हणजे घर. बर्फ धरला तर सील, सील मिळाला तर दिवा. हडसन उपसागराच्या पश्चिमेला आत राहणाऱ्या आणि मुख्यतः कॅरिबू हरणांवर जगणाऱ्या इनुइटांना सीलचं तेल फारसं मिळत नसे. त्यांची हिवाळी घरं म्हणूनच थंड आणि अंधारी असत. कुल्लिक समुद्रापासून दूर नेला की त्याची ताकद अशी ओसरते.

ही नाळ इनुइटांनी श्रद्धेतही जपली. ग्रीनलंडच्या जुन्या कथांत समुद्राच्या तळाशी राहणारी एक स्त्री सगळ्या जलचरांची धनीण आहे. ती दिव्यासमोर बसलेली असते, दिव्याखाली ठिबकतं तेल झेलणारं भांडं असतं, आणि तिथूनच ती माणसांसाठी सील आणि देवमासे सोडते. आणि कॅनडातल्या इग्लूलिक भागात जानेवारीच्या मध्याच्या सुमारास दीर्घ अंधारानंतर सूर्य पुन्हा क्षितिजावर दिसला, की मुलं धावत घरोघर जाऊन दिवे विझवत. जुन्या वाती काढून टाकायच्या, नव्या घालायच्या आणि सगळे दिवे एकाच ज्योतीवरून पुन्हा पेटवायचे. नवं वर्ष असं एका वातीतून साऱ्या वस्तीत पोचायचं.

उत्तरेने या माणसांना घडवलं हे उघड आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये चरबीच्या चयापचयाशी संबंधित जनुकांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीच्या खुणा सापडल्या. समुद्री प्राण्यांची चरबी दिव्यात जळत होती, तशी देहातही मुरत होती. माणसांनी उत्तरेला घडवलं, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. आर्क्टिक कॅनडातल्या सॉमरसेट बेटावर देवमाशांची शिकार करणाऱ्या थुले लोकांची हिवाळी घरं होती, छताला देवमाशाच्या हाडांच्या तुळया असलेली. त्यांच्याजवळच्या एका तळ्याच्या गाळाचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. देवमाशांच्या अवशेषांतून झिरपलेल्या पोषणाने त्या तळ्यातलं जीवनच बदललं होतं. घरं ओस पडून चार शतकं उलटली, तरी पाण्यात तो फरक आजही आहे. उत्तरेला निर्जन, कोरी भूमी म्हणणाऱ्यांना त्या तळ्याने उत्तर देऊन ठेवलं आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कुल्लिकचे दिवस फिरले. सरकारी वसाहती झाल्या, लाकडी घरं आली, तेलाच्या शेगड्या आल्या. आज उत्तर कॅनडातल्या नुनावुतच्या 25 वस्त्यांची वीज डिझेलवर चालते, आणि ते डिझेल समुद्र मोकळा असण्याच्या थोड्या दिवसांत दक्षिणेकडून जहाजाने येतं. त्यातच सीलच्या पिल्लांची कातडी घेण्यावर 1983 साली युरोपने बंदी घातली. रोख होता व्यापारी शिकारीवर, पण सगळ्याच सीलच्या कातड्यांचा भाव कोसळला आणि फटका इनुइट कुटुंबांना बसला. 2009 च्या युरोपीय कायद्यात इनुइटांसाठी सवलत ठेवली, पण मोडलेला बाजार सवलतीने उभा राहत नाही. ज्यांनी एका सीलचा मांसापासून तेलापर्यंत कण वाया घालवला नाही, त्यांनाच हा फटका बसावा, हा सरळ अन्याय आहे.

दिवा मात्र विझला नाही. 1 एप्रिल 1999 रोजी नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला, तेव्हा त्याच्या राजचिन्हात कुल्लिकला जागा मिळाली. 2021 च्या जुलैत मेरी सायमन या इनुइट स्त्रीने कॅनडाच्या गव्हर्नर जनरलपदाची शपथ घेतली, त्या समारंभात तो पेटवला गेला. सभांच्या आरंभी, शाळांत, परिषदांत वडीलधाऱ्या बायका तो लावतात आणि शेजारी बसलेल्या मुलींना वात सारायला शिकवतात.

हा मान त्याचा हक्कच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. कुल्लिकमध्ये तेल समुद्राचं असतं, दगड डोंगराचा, वात टुंड्राची आणि हात बाईचा. यातलं एक जरी गळालं, तरी मागे उरेल तो नुसता कोरलेला दगड. आज समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. म्हणजे सीलची भोकं जातात, शिकाऱ्याची वाट जाते. ज्याला कुल्लिकचा गौरव करायचा आहे, त्याने त्या बर्फासाठी आणि त्या शिकाऱ्याच्या हक्कासाठीही उभं राहिलं पाहिजे.