देवांची खोली

नवीन फ्लॅटचा नकाशा आला तेव्हा चिरंजीवांना वाटत होतं, वाद स्वयंपाकघरावरून होणार. तो झालाच नाही. विहीणबाई कुंभकोणमच्या. आता त्याही आमच्याबरोबर राहणार. त्यांचा इडलीचा ग्राइंडर ओट्यावर कायमचा बसेल आणि माझ्या चहाच्या भांड्यानं थोडं सरकून घ्यावं, हे पाच मिनिटांत ठरलं. घोडं अडलं ते देवघरापाशी.

आमचा सागवानी देव्हारा हिच्या माहेरचा. त्यात टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. ही गेल्यापासून पूजा मीच करतो. विहीणबाईंचा मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, वल्ली आणि देवयानै या दोन बायकांसह! आपल्याकडे तो पक्का ब्रह्मचारी. कार्तिकी पौर्णिमेचा अपवाद सोडला तर बायकांनी त्याचं दर्शनही घ्यायचं नाही, असं मानतात. धाकट्या बहिणीनं फोनवरच सांगितलं, "दादा, तो समोर असेल तर मी येणार नाही हं."

विहीणबाईंना हे सूनबाईनं तमिळमध्ये सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आमचा पिळ्ळैयार ब्रह्मचारी. तुमच्या गणपतीला ऋद्धि-सिद्धी कुठून मिळाल्या?" आता बोला! प्रांत बदलला की दोघा भावांची लग्नंच बदलतात. (तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला कोण जाणे.)

चिरंजीव म्हणाले, मुरुगन अम्मांच्या खोलीत ठेवू. विहीणबाई काहीच बोलल्या नाहीत. मला ते मुळीच पटलं नाही. देव खोलीत ठेवा म्हणायचं, म्हणजे तुम्हीही खोलीतच राहा असं सांगणं झालं. मुलीच्या घरी राहायचं याचाच त्यांना आधी केवढा संकोच!

शेवटी सुतारानं हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला दोन कप्पे केले, एकाच उंचीचे. एकात आमचा देव्हारा, दुसऱ्यात मुरुगन. त्याला सरकतं दार. दाराची कल्पना विहीणबाईंचीच. "देव रात्री झोपतातच. पाहुण्या येतील तेव्हा दुपारीही झोपतील."

समई मात्र मधोमध, एकच. तेल कुठलं यावर बोलणी चालू आहेत.

बहीण अजून आलेली नाही. हे ती वाचते, म्हणून लिहितो. अगं, नवरात्रात आमचा घट बसेल आणि शेजारी त्यांच्या कोलूच्या पाच पायऱ्या. पायऱ्या विषमच लागतात म्हणे. बाहुल्या मांडायला हात कमी पडताहेत. आदल्या दिवशी ये. दार लावून ठेवतो.