संगणक दान मिळाले, पण त्यांची देखभाल कोणाची?

आमच्या अभ्यासिकेत सात संगणक आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करते. तिकडे सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणून आमचा अपडेटचा दिवस बुधवार. रात्री नऊला मुलं घरी गेली की मी दार लोटून घेते, पहिला संगणक चालू करते आणि वही उघडते.

कार्यकर्ते मित्र विचारतात, "ताई, तुम्ही समाजशास्त्रात एमए केलेल्या, वस्तीत काम करणाऱ्या. हे मेकॅनिकचं काम तुम्ही कशाला करता?" या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मित्रहो, हे काम मी हौसेनं शिकले नाही. एका चुकीनं शिकवलं, आणि ती चूक माझी होती.

2018 साली एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आम्हाला सहा वापरलेले संगणक मिळाले. फीत कापली, नारळाऐवजी रोपटं दिलं, फोटो निघाले. त्या दिवशी मंचावर पंधरा माणसं होती. हे संगणक पुढची पाच वर्षं नीट कोण ठेवणार, हे पंधरापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

अपडेटची सूचना आली की आम्ही 'नंतर' हे बटण दाबायचो. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं, अपडेट काहीशे एमबीचं, आणि रांगेत मुलं उभी. मग 2021 मध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, दोन संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि टक्के मोजत बसले. पाऊण तास गेला. मुलं रडकुंडीला आली. महिनाभर आम्हीच ढकललेलं काम त्या संध्याकाळी अंगावर आलं होतं, पण शिव्या सगळ्यांनी अपडेटला दिल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलाचा ओळखीचा भाऊ आला आणि सहाही संगणकांवरचे अपडेट कायमचे बंद करून गेला. आम्ही त्याला चहा पाजला, आभार मानले. वर्षभर कसलाच त्रास झाला नाही.

त्रास झाला तो एकदमच. कुणीतरी फुकटचं म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यातून खंडणीखोर व्हायरस आत आला. एका संगणकातून तो बाकीच्या पाचांत पसरला, कारण पसरण्याची जी वाट होती ती बुजवणारी दुरुस्ती कित्येक महिने आधीच निघाली होती आणि आम्ही ती घेतलेली नव्हती. सकाळी प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं होतं आणि पडद्यावर पैशांची मागणी होती. पैसे आम्ही दिले नाहीत. फाइली परत आल्या नाहीत.

काय गेलं? वस्तीच्या घरोघरच्या पाहणीचे तक्ते गेले. तीन वर्षं मुलांचे स्कॅन करून ठेवलेले दाखले गेले. त्यात एका मुलीच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. 1950 पूर्वीचा जातीचा पुरावा म्हणून जात पडताळणीला तो लागणार होता. मूळ कागद पावसाळ्यात गळक्या घरात भिजून लगदा झाला होता. आमच्याकडचं स्कॅन हीच शेवटची प्रत होती. तिच्या वडिलांनी गावच्या शाळेत खेटे घातले, जुनं रजिस्टर शोधायला लावलं, उतारा मिळवला. प्रवेश वाचला. पण ते रोजंदारीवर जाणारे गृहस्थ. त्यांचे बुडालेले रोज कोणी भरून दिले? ते मला एकदाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आपल्या माणसांसाठी कागद म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. श्रीमंताचा कागद हरवला तर वकील दुसरा आणतो. आपला कागद हरवला तर पिढी मागे जाते. तो कागद आपण विश्वासानं संगणकात ठेवायला सांगतो, तेव्हा त्या संगणकाची जबाबदारी आपल्यावर येते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. सातवा संगणक विंडोज एक्सपीचा आहे. आमचे एक ज्येष्ठ काका त्यावर पेजमेकरमध्ये जयंतीच्या स्मरणिका लावतात. वीस वर्षांच्या स्मरणिका त्यात आहेत. वस्ती कशी वसली, पाण्याचा नळ कसा मिळवला, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, हे सगळं जुन्या लोकांनी सांगितलेलं. आमच्या वस्तीचा दुसरा लिखित इतिहास नाही. व्हायरस आला तेव्हा हा एक संगणक वाचला. काका म्हणाले, "बघ पोरी, तुमचे नवे बुडाले, माझा म्हातारा तरला. कशाला हवेत तुझे अपडेट?"

वरवर पाहता काकांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा आहे. म्हातारा तरला तो जुना होता म्हणून नव्हे. त्याचं नेटवर्कचं पोर्ट खराब होतं, त्यामुळे तो कशालाच जोडलेला नव्हता. जोडलेला असता तर सर्वात आधी तोच गेला असता.

यातला फरक 2017 च्या वॉनाक्राय प्रकरणात जगाला दिसला. विंडोजमधल्या त्या छिद्राची दुरुस्ती 14 मार्चला निघाली होती. हल्ला झाला 12 मे रोजी. दोन महिने हातात होते. तरी दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक सापडले, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. दोष सगळा जुन्या एक्सपीवर ढकलला गेला. पण तिथे बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज 7 चे होते, म्हणजे त्या वेळी ज्याला दुरुस्त्या मिळत होत्या त्याचेच. औषध दारात ठेवलेलं होतं, कोणी घेतलं नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात ऑगबर्नचा 'कल्चरल लॅग' शिकले होते. 1922 साली त्यानं मांडलं की यंत्रं पुढे जातात आणि माणसांच्या सवयी, संस्था, नियम मागे रेंगाळतात. परीक्षेत त्यावर पानभर लिहिलं. अर्थ कळला तो अभ्यासिकेत. संगणक आले, पण त्यांना सांभाळण्याची सवय आली नाही, वेळ ठरला नाही, पैसे ठेवले नाहीत.

आणि आपल्या देशात या रेंगाळण्याला आणखी एक कारण आहे. इथे बांधणाऱ्याचं, उद्घाटन करणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. रोज साफ करणाऱ्याचं, दुरुस्त करणाऱ्याचं लागत नाही. ज्या श्रमावर गाव उभं राहिलं त्याच श्रमाला हलकं ठरवणारी ही व्यवस्था. आपण तिच्याविरुद्ध भाषणं करतो, आणि आपल्याच संस्थेत देखभालीचं काम "कोणीतरी करेल" म्हणून सोडून देतो. मला "मेकॅनिकचं काम कशाला करता" असं विचारणाऱ्या मित्रांनी हे मनाशी तपासून पाहावं.

काही जण म्हणतील, अपडेटनंही संगणक बंद पडतात. खरं आहे. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक ठप्प झाले, विमानं अडकली. म्हणून डोळे मिटून सगळीकडे एकदम अपडेट करू नये. पण रस्त्यात अपघात होतात म्हणून दवाखान्यात जायचं सोडत नाही ना आपण?

आम्ही काय करतो ते सांगते. बुधवारी आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस आला की तीही जाते. मग एकाच संगणकावर अपडेट. दोन दिवस त्यावर प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, अर्जांची संकेतस्थळं तपासतो. शुक्रवारी बाकीचे. संगणकांनी अपडेट एकमेकांकडून घ्यावं अशी सोय विंडोजमध्ये आहे, ती चालू केल्यानं नेट वाचतं. एखादा महिना चुकला तरी घाबरायचं नाही, नव्या अपडेटमध्ये मागच्या दुरुस्त्या आलेल्या असतात. अर्जाची शेवटची तारीख त्या आठवड्यात असेल तर आधीच ठरवून तारीख पुढे नेतो, वहीत कारण लिहून. ठरवून पुढे नेणं आणि 'नंतर' दाबत राहणं यात फरक आहे.

काकांचा संगणक आम्ही फेकला नाही. त्याला नेटशी न जोडण्याचा आता नियमच केला. पेन ड्राइव्ह एकच, तोही आधी दुसरीकडे तपासून. पण यंत्र कधीतरी मरणारच. त्यामुळे आधी प्रत्येक स्मरणिकेची पीडीएफ केली, म्हणजे निदान पान तरी दिसेल. मग मजकूर युनिकोडमध्ये आणायला घेतला. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. तो फाँट नसेल तर सगळं अगम्य. रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा चुकते, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे प्रत्येक ओळ डोळ्याखालून घालावी लागते. काका वाचतात, मुली दुरुस्त करतात. वाचता वाचता काका छापलं न गेलेलंही सांगतात. तेही टाइप होतं.

आता पुढचा प्रश्न. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप आमच्या दानातल्या संगणकांत नाही. चालतं यंत्र केवळ यामुळे भंगारात घालणं आमच्यासारख्यांना परवडत नाही, आणि ते न्यायाचंही नाही. म्हणून दोन संगणकांवर लिनक्स मिंट घातलं. अभ्यास, अर्ज, मराठी टायपिंग त्यावर होतं, आणि त्यालाही अपडेट लागतातच.

मित्रहो, यापुढे कोणी संगणक द्यायला आलं तर फीत कापण्याआधी तीन प्रश्न विचारा. परवाना खरा आहे का? सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? देखभालीचे पैसे त्यात धरलेत का? आणि आपल्या संस्थेला चौथा प्रश्न विचारा, वही कोणाकडे आहे? ती एकाच 'ताई'कडे असेल तर तेही धोक्याचंच. आमच्याकडे आता बारावीतल्या दोन मुली हे काम करतात. त्यातली एक ज्या मुलीचा दाखला गेला तिची धाकटी बहीण आहे. मागच्या बुधवारी मला उशीर झाला. मी पोहोचले तेव्हा हार्ड डिस्क कपाटात होती आणि वहीत नोंद तिच्या अक्षरात.

जय भीम!