गळ आणि मरळ

घरात सगळे माळकरी. गळ कसा बांधायचा, हे सांगणार कोण? ससा-तितरांच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी, आणि ती रास्तच. म्हणून सिंदफणेवरचं माजलगाव धरण गाठलं. तिथल्या मासेमारीच्या ठेकेदाराला विचारूनच काठावर बसतो. आईने कढईला हात लावू दिला नाही, वेगळी घेतली. लागलेला मासा तडफडत ठेवायचा नाही, डोक्यावर एकच टोला, एवढं स्वतःच ठरवलं.

आज पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका वळवळत होता. खाली मरळ राखणीला असणार. पिलांजवळ काहीही आलं की ती झडप घालते. तिला पकडणं सोपंच. पण ती गेली की पिलं इतर माशांच्या तोंडी. गळ गुंडाळला. चिलापी मात्र सोडत नाही. आफ्रिकेतून आलेला मासा, तळल्यावर झकास.