वाळूवर उभं काँक्रीट

आलापल्ली सोडलं की सिरोंचा साधारण शंभर किलोमीटर. आमच्या एसटीला साडेचार तास लागले. सागाच्या जंगलातून जाणारा रस्ता जागोजागी उखडलेला, आणि ड्रायव्हर प्रत्येक खड्डा ओळखीचा असल्यासारखा गाडी सांभाळत होता. रेपनपल्ली, जिमलगट्टा, उमानूर, बामणी अशी गावं मागे पडत गेली, तसं बसमधलं बोलणंही बदललं. जिमलगट्ट्याला चढलेल्या दोन बायका कंडक्टरशी मराठीत बोलत होत्या, एकमेकींशी तेलुगूत. सिरोंचाला उतरले तेव्हा दुकानांच्या पाट्याही दोन्ही लिपींत दिसल्या.

मला काँक्रीटच्या इमारती बघायची आवड आहे. त्यासाठी चंडीगडला गेले, अहमदाबादला गेले. ल कार्बुझिएनं चंडीगडच्या हायकोर्टाला काँक्रीटच्या खोल पट्ट्या दिल्या, ऊन आत येऊ नये म्हणून. सिरोंचाच्या जुन्या ब्रिटिशकालीन विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसल्यावर जाणवलं की हेच काम जाड भिंत, उंच छत आणि रुंद व्हरांडा किती मुकाट्यानं करतात. एप्रिलच्या दुपारी बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि मी सावलीत बसून वहीत लिहीत होते. त्यामानानं बाजारपेठेतली सपाट स्लॅबची नवी घरं संध्याकाळी सातलाही भट्टीसारखी तापलेली होती.

सिरोंचा एकेकाळी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, हे आता सांगावं लागतं. १८६० साली निजामाकडून हा काठ इंग्रजांकडे आला आणि ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला. त्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड. बस्तरवरचा त्यांचा १८६२चा अहवाल आजही अभ्यासक उघडतात. इतक्या आडवाटेच्या गावाला हा मान का मिळाला? कारण नदी. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचापाशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांनी १८५२पर्यंत गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला होता. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस या नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, असं त्यांचं स्वप्न होतं. अमेरिकेत १८६१ला यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या, तेव्हा हे स्वप्न निकडीचं झालं.

वाटेत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मागुडेमला, इंचमपल्लीला आणि वर प्राणहितेवर देवलमरीला. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि बंधारे बांधायचे होते. दुम्मागुडेमला काम झालं. इंचमपल्लीला दगड फोडले गेले, मजूर जंगलात राबले. मग १८६७ला मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि कापूस पश्चिमेकडे वळला. १८७१ला योजना सोडून दिली. १८७४ला जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. चांद्यातून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ला.

हा इतिहास मला पुस्तकातून माहीत होता. इथं आल्यावर त्याचं वजन कळलं. एक गाव नदीसाठी राजधानी झालं आणि रेल्वेसाठी कोपऱ्यात गेलं, आणि दोन्ही वेळा गावाला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेडिगड्डाला गेले. तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा सिंचन योजनेतला हा बॅरेज सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीपासून पलीकडच्या मेडिगड्डापर्यंत गोदावरी अडवतो. लांबी सुमारे १.६ किलोमीटर, दरवाजे ८५, साठवण १६ टीएमसीच्या आसपास. २०१६च्या ऑगस्टमध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला आणि २१ जून २०१९ला उद्घाटन. इथलं पाणी पंपांनी उचलून नदीच्या उलट दिशेनं, अन्नारम आणि सुंदिल्लाच्या बॅरेजकडे ढकलायचं, अशी रचना. काठावरून बघताना खांबांची रांग थेट क्षितिजात विरते. मी बराच वेळ उभी होते. इतक्या करड्या, इतक्या सरळ वस्तूत एक सौंदर्य असतं, हे मी मनापासून मानते. अलंकार शून्य, प्रत्येक खांबाला काम. आधुनिक वास्तुकलेनं ज्याची आस धरली, ते इथं कुणी ‘वास्तुकला’ न म्हणता उभं केलेलं आहे.

आणि त्याच रांगेत एके ठिकाणी रेषा वाकलेली आहे. २१ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. हा ब्लॉक महाराष्ट्राच्या बाजूचा. पाणी साठलं की त्याचा दाब तळाखालच्या वाळूतून वाट शोधतो. वाट सापडली की कण वाहून जातात, वाळू पोकळ होते आणि वरचं जड काँक्रीट आपल्याच वजनानं बसतं. ते थांबवायला तळाखाली काँक्रीटच्या एकमेकींत गुंतलेल्या खांबांची भिंत लागते. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणानं नियोजन, आराखडा, बांधकाम, देखभाल सगळ्यांतच दोष दाखवले. त्यानंतर दरवाजे उघडे ठेवले गेले.

माझ्या मनात राग आला तो सौंदर्यासाठी नाही. या बाजूच्या शेतकऱ्यांनी फुगवट्याच्या पाण्याबद्दल किती वेळा तक्रारी केल्या, आंदोलनं केली, ते आठवून आला. २०२२च्या जुलैत पूर आला तेव्हा सिरोंचा तालुक्यातली किती शेतं पाण्याखाली गेली. तीन महिन्यांपूर्वीच, एप्रिलमध्ये, सिरोंचाला प्राणहितेच्या काठावर प्राणहिता पुष्करम झालं होतं, हजारो माणसं स्नानाला आली होती.

संध्याकाळी संगमावर गेले. पलीकडे कालेश्वर-मुक्तेश्वराचं मंदिर, जिथं एकाच पीठावर दोन लिंगं आहेत. पूर्वी इकडची माणसं नावेनं पलीकडे जात. आता गोदावरीवर पूल आहे आणि लग्नाची वऱ्हाडं जीपनं जातात. मिरची तोडायला जाणाऱ्या मजुरांचे टेम्पोही त्याच पुलावरून तेलंगणात जातात. पूल मला फार आवडला. तो कुणाचं पाणी अडवत नाही.

परतताना एका शेतकऱ्याच्या शेतात थांबले. “रामराम अन्ना,” म्हटलं, तर त्यांनी खाट ओढून दिली. साठीच्या पुढचे गृहस्थ. घराच्या भिंतीवर एक मळकट रेघ होती, माझ्या खांद्याच्याही वर.

“बावीसची,” ते म्हणाले. “तांदळाचे पोते इथं होते. सगळे गेले.”

“आता दरवाजे उघडे आहेत ना? पाणी कमी येईल?”

त्यांनी नदीकडे बघितलं. “ताई, खाली कोण काय बांधते, ते आमाला मागून कळते. मी यंदा मिरचीचं रोप वरच्या वावरात टाकणार.”

मग त्यांच्या सुनेनं चहा आणला, आणि अन्ना वरचं वावर दाखवायला उठले.