खालच्या पापणीची शिल्लक

खालच्या पापणीवरची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया वरकरणी सोपी वाटते, कारण लोंबते आहे ते कापले की काम झाले, असा समज रुग्णाचा तर असतोच, नवख्या शल्यविशारदाचाही असू शकतो. प्रत्यक्षात या कामातले कसब किती कापायचे यापेक्षा किती राखायचे, या अंदाजात असते. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. तिच्यामागे डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्याआड चरबीचे तीन कप्पे असतात. पडदा ढिला पडून चरबी पुढे सरकली की फुगवटा येतो, तर कातडीतले लवचीक तंतू झिजले की सुरकुत्या पडतात. गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर होडी ओढणारा किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यात उन्हाधुळीत राबून डोळे चोळण्याची सवय लागलेला माणूस या झिजेला लवकर सापडतो.

केवळ फुगवटा असेल तर पापणीच्या आतल्या ओलसर आवरणातून शिरून चरबी कमी करता येते, अथवा ती न काढता पापणी आणि गाल यांमधल्या खळग्यात सरकवता येते. हा दुसरा मार्ग पुष्कळदा बरा, कारण चरबी सढळ हाताने काढलेला डोळा काही वर्षांनी खोल गेलेला, आजारी दिसू लागतो. कातडीच जादा असेल तर पापणीच्या केसांलगत तिची अरुंद घडी चिमट्यात धरून तेवढीच छाटतात. लेसरने सुरकुत्या आवळता येतात खऱ्या, पण गव्हाळ-सावळ्या वर्णावर काळसर डाग उमटण्याचा धोका असतो आणि गोव्याच्या उन्हात तो अधिकच.

खरी परीक्षा सुरी हाती घेण्यापूर्वी होते. पापणी बोटाने खाली ओढून सोडली असता ती लगेच डोळ्याला चिकटली तर तिचे बंध शाबूत आहेत. रुग्णाने डोळा मिचकावल्याशिवाय ती जागेवर येत नसेल, तर बाहेरच्या कोपऱ्यातला बंध आधी आवळावा लागतो. कातडी किती काढायची हेही रुग्णाला वर पाहायला आणि तोंड उघडायला लावून ठरवतात, कारण त्या स्थितीत गाल खाली ओढला जातो आणि मघाशी जादा वाटलेली कातडी एकाएकी पुरेशी ठरते. हा अंदाज चुकला तर पापणी बाहेर वळते, बुबुळाखाली पांढरा भाग उघडा पडतो, डोळा कोरडा होऊनही पाणी गाळत राहतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे केस डोळ्यात टोचू लागल्यास वरच्या पापणीवरून जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने शिवण्याची कृती सांगितली आहे. तिथे कातडी आखडून पापणीची कड बाहेर वळावी हाच हेतू आहे. खालच्या पापणीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेत तोच ताण अपघात ठरतो. (म्हाताऱ्या माणसाची पापणी आधीच वळून पाणी गळत असेल, तर शस्त्रक्रिया मात्र सौंदर्याची हौस न राहता उपचाराची गरज होते.)

अतिशय विरळ पण सर्वांत घातक धोका डोळ्यामागे रक्त साचण्याचा. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांतच उद्भवतो आणि वेळीच दाब मोकळा केला नाही तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून पेडणे किंवा डिचोलीच्या आतल्या गावातील रुग्णाने शस्त्रक्रिया आटोपताच घरची वाट धरू नये. पहिली रात्र म्हापसा-पणजीकडे, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत चटकन पोहोचता येईल अशा ठिकाणी काढावी, आणि वाढती वेदना किंवा नजरेची अंधुकता सकाळवर ढकलू नये. टाके साधारण आठवड्याभरात निघतात, निळेपणा ओसरायला पंधरवडा लागतो. त्यामुळे जत्रांच्या हंगामात रात्र रात्र चेहऱ्यावर रंग चढवणाऱ्या पेडण्यातील दशावतारी कलावंताने पावसाळ्याचे मोकळे दिवसच यासाठी निवडावेत.