शिवगंगेच्या काठचं तंजावर

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचं दर्शन घेतो, तिथल्या भिंतीवरचा १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून हरखतो, सरस्वती महाल उरकतो आणि गाडी पकडतो. देवळाशेजारचा शिवगंगा तलाव मात्र राहूनच जातो.

खरं तर या गावाची कथा पाण्यातच आहे. नायकांच्या काळच्या सेवप्पन एरीत पावसाचं पाणी साठे, तिथून ते शिवगंगेत येई आणि मग जमिनीखालच्या नळांनी अय्यनकुळमसारख्या तळ्यांत पोचे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी याच पाण्यावर नांदली. शिवगंगेच्या काठी १७७९ मध्ये श्वार्ट्झ या पाद्र्यानं चर्च बांधलं. त्याला गुरू मानणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी पुढे तिथं त्याचं संगमरवरी शिल्प बसवलं. शिवभक्त राजाची ही गुरुदक्षिणा!

राज्य १८५५ मध्ये संपलं. १९३४ च्या सुमारास कावेरीचा कालवा देवळाजवळून वाहू लागला. लोक त्याला ‘पुदु आरू’, म्हणजे नवी नदी म्हणतात. घरोघरी नळ आले आणि जुनी तळी गाळानं भरली. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत अय्यनकुळमचा गाळ काढला, बुजलेला जुना नळमार्गही शोधून साफ केला. पाणी परतलं. काठच्या घरांतली मराठी मात्र आता बहुधा बोलण्यापुरतीच. लिहायची झाली तर तमिळ अक्षरांत.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. तिकडचा खरा पाऊस तेव्हाच पडतो. छत्री विसरू नका.