रथ, रोट आणि आखाजीचा झोका

खान्देश म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शेवभाजी, वांग्याचं भरीत, केळीच्या बागा आणि मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन. मी धुळ्याची आहे हे कळलं की पुण्याच्या ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला, ‘तिकडे बघण्यासारखं काय आहे?’ बीच किंवा हिल स्टेशन हवं असेल तर गाडी सरळ दुसरीकडे वळवा. खान्देशात जायचं ते सणाला. आणि सण निवडून.

अक्षय्य तृतीया शहरात सोन्याच्या जाहिरातींपुरती उरलीय. आमच्याकडे ती आखाजी, लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची अहिराणी गाणी सुरू होतात. पितरांच्या नावाने घागर भरायची आणि मग आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी हाणायची. ही पोळी लाटत नाहीत, हातावर घेऊन वाढवत नेतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. पहिल्यांदा बघणारा जेवायचं विसरतो. पुरुष मंडळी या दिवशी काय करतात? पत्ते कुटतात. अगदी उघडपणे!

पण खरा खान्देश बघायचा तर कानबाईला या. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. नारळाला नथ-दागिने घालून देवी सजते, चौरंगावर बसते, रात्रभर गाणी आणि फुगड्या. सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर निघतात. पुणे, नाशिक, सुरत इथे नोकरीला गेलेले भाऊ या वीकेण्डला बॅगा भरतात, कारण कानबाईचे ‘रोट’ असतात. रोट म्हणजे कुळाचा स्वयंपाक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, दळायचा, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या भाऊबंदांनीच खायच्या. बाहेरच्याला नाही. उरलं तरी घरातच संपवायचं.

आमच्या दोन काकांचं शेताच्या बांधावरून काही वर्षं बोलणं नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. रोटाला मात्र एकाच पंगतीत बसतात. एक पोळी वाढतो, दुसरा न बघता घेतो. समुपदेशकाकडे हजारो रुपये मोजून जे होणार नाही ते एक पोळी करते. बोलणं अजून सुरू झालेलं नाही, हेही खरं.

आणि आता माझी तक्रार. गहू मोजतात पुरुषांच्या नावाने. माझ्या तीन वर्षांच्या पुतण्याची मूठ आहे. लग्न होऊन गेलेल्या लेकीची नाही, आणि बऱ्याच घरांत तिला रोट खायलाही चालत नाही. गेल्या श्रावणात दारात पाय ठेवला तर काकू म्हणाली, ‘कव्हय उनी व माय?’ जवळ घेतलं, चहा दिला. पोळ्यांचं ताट आलं तेव्हा माझ्यासाठी वेगळा वरण-भात आला. मी विचारलं तर हसून म्हणाली, ‘तुमनी आखाजी शे ना!’ काकू, कबूल. पण ऑफिसच्या हॉलिडे लिस्टमध्ये आखाजी नसते, आणि कानबाई रविवारी येते! पुढच्या पिढीत गहू मोजणारे हात कुणाचे असतील, हे घरोघरी हळूच विचारलं जातंय. आमच्याकडे तरी अजून उत्तर मिळालेलं नाही.

धुळ्यात गणपतीत असाल तर अनंत चतुर्दशीला जुन्या धुळ्यात जा. तिथल्या गणपतीचं नाव चक्क ‘खुनी गणपती’. १८९५ साली मशिदीपुढून मिरवणूक नेण्यावरून दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि नाव चिकटलं. आज पालखी त्याच मशिदीसमोर थांबते. मुस्लिम मंडळी पुढे येऊन फुलं वाहतात, आरती होते. पोस्टरवर छापावं असं दृश्य, पण पोस्टर समजू नका. याच शहराने २००८ ची दंगल पाहिली. जानेवारी २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. म्हणून ती दहा-पंधरा मिनिटं बघताना मला गहिवर वगैरे येत नाही. मी बंदोबस्तातल्या पोलिसांचे चेहरे बघते, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे बघते. सगळे घड्याळाकडे बघत असतात. पालखी पुढे सरकली की सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात.

जळगावचा रथ मात्र मोकळ्या मनाने बघा. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या राम मंदिरातून निघतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेली परंपरा. आधीचे दिवस रोज वेगळं वाहन निघतं आणि एकादशीला तो उंचच्या उंच लाकडी रथ. वाटेत भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, चादर चढवली जाते, मग पुढे. बाबा आणि महाराज यांची मैत्री होती असं जुने जळगावकर सांगतात.

थंडी नुकती पडायला लागलेली असते, भरीत आणि कळण्याची भाकरी हॉटेलांत मिळायला लागलेली असते. तरीही जेवण नंतर. आधी रथाच्या चाकांपाशी उभे राहा, पण हातभर लांब. या रथाला ब्रेक नाहीत. त्याला थांबवतात आणि वळवतात ते ‘मोगरी’ने, म्हणजे चाकाखाली सारायच्या लाकडी ठोकळ्याने. गर्दी जयघोष करत दोर ओढत असते आणि मोगरीवाले त्या फिरत्या चाकांपुढे वाकलेले असतात. नजर फक्त चाकावर. जुन्या जळगावच्या अरुंद गल्लीत वळण आलं की एकजण ओरडतो, दुसरा मोगरी सारतो, अख्खा रथ करकरत तिरका होतो. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या बायका तेवढा वेळ फुलं टाकायच्या थांबतात.